मॅडम, आवाज बदलला

अ‍ॅम्ब्युलन्सवर लागून तेव्हा मला चारच महिने झाले होते. कसारा घाटाखाली बाइकवरून पडलेला पोरगा. डोक्याला मार, चिमटा काढला तरी हालचाल नाही, तोंडात रक्त, श्वास घरघरता. सक्शन केलं, मास्क लावला, बोटावरच्या प्रोबने रक्तातला ऑक्सिजन 96 टक्के दाखवला की लगेच लॅरिंगोस्कोप (घसा उघडून बघायचं दिवा-पातं) उघडला. डोक्यात एकच, श्वासनलिकेत ट्यूब पडली पाहिजे. व्होकल कॉर्ड (स्वरतंतू, ट्यूब त्यांच्यामधूनच जाते) दिसायच्या, तेवढ्यात रक्त साचायचं. आत्ता जाईल, आत्ता जाईल करत मी आतच घुटमळले. मॉनिटर पाठीमागे. पायलट (आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात) म्हणाला, "मॅडम, आवाज बदलला."

बीप जड झाली होती. 84.

ब्लेड काढलं, अ‍ॅम्बू (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबायला घेतली, तर आकडा आणखी खाली. 78. 73. छाती तर छान उठतेय! माझे हात कापायला लागले. मग हळूहळू चढला. शेवटी आय-जेल (घशातच बसणारी, श्वासनलिकेत न जाणारी नळी) टाकून निघालो.

नंतर सिव्हिलच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं, "गार बोटावरचा प्रोब शिळी बातमी देतो गं." कधी अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त शिळी. म्हणजे 84 दिसलं तेव्हा आत त्याहून वाईट चाललेलं. आणि 90 च्या खाली उतार घाटासारखाच, ब्रेक लागत नाही.

आता घाई असली तरी तीन मिनिटं ऑक्सिजन देते. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात दोनेक लिटर हवा उरते, बहुतेक नायट्रोजनच. तो धुऊन ऑक्सिजन भरला की श्वास थांबल्यावर तोच साठा कामी येतो. तो साठा वाढावा म्हणून डोकं वर घेतो; गळ्यात कॉलर असेल तर पाठ न वाकवता अख्खं स्ट्रेचर डोक्याकडून उचलून तिरकं करतो. मास्कखाली नेझल प्रॉन्ग्स (नाकात ऑक्सिजन सोडणाऱ्या बारीक नळ्या), 15 लिटरवर, आणि ट्यूब टाकतानाही त्या नाकातच. त्यासाठी दुसरा फ्लोमीटर भांडून मिळवला. मास्कचे 15 आणि प्रॉन्ग्सचे 15 मिळून मिनिटाला 30 लिटर जातात. बी टाइप सिलिंडर भरलेला असला तरी 1500 लिटरचा, म्हणजे पन्नास मिनिटं. म्हणून ट्यूब पडली की प्रॉन्ग्स आधी बंद.

मॉनिटर पायलटकडे. 93 झालं की त्याने "बाहेर!" म्हणायचं, मी वाद घालायचा नाही. तो 94 लाच ओरडतो.