बारा आमदारांच्या निकालाची चौकट

महाराष्ट्र विधानसभेने भाजपच्या 12 आमदारांचे एका वर्षासाठी केलेले निलंबन सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2022 रोजी घटनाबाह्य ठरवले, आणि मुख्य बातमीसोबत जाणारी स्पष्टीकरणाची चौकट लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘विधानसभेला चपराक’ हा मथळा वृत्तसंपादकांनी आधीच सुचवला होता. मथळा झणझणीत होता खरा; परंतु निकालपत्र वाचू लागल्यावर तो मला पटेना.

5 जुलै 2021 रोजी तालिका अध्यक्षांशी, म्हणजे अध्यक्षांच्या जागी सभागृह चालवणाऱ्या सदस्याशी, गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून निलंबनाचा ठराव मंजूर झाला होता. राज्याच्या बाजूची भिस्त संविधानाच्या अनुच्छेद 212 वर होती, कारण कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. न्या. अजय खानविलकर, न्या. दिनेश माहेश्वरी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने हे संरक्षण मान्यच केले. मात्र अनियमितता वेगळी आणि बेकायदेशीरपणा वेगळा, असे सांगून चालू अधिवेशनाच्या उर्वरित काळापलीकडचे निलंबन दुसऱ्या प्रकारात मोडते, असा निर्वाळा दिला.

वर्षभराची शिक्षा एवढी का खटकावी, हेच मला चौकटीत नीट मांडायचे होते. सदस्य सभागृहाच्या परवानगीविना 60 दिवस गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त जाहीर करू शकते, आणि रिक्त जागेवर साधारणपणे सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबित आमदाराची जागा मात्र रिक्त ठरत नाही, म्हणून पोटनिवडणूकही होत नाही, आणि मतदारसंघ वर्षभर सभागृहात मुका राहतो. म्हणूनच न्यायालयाने हे निलंबन हकालपट्टीहूनही वाईट मानले.

तेवढ्यात आमच्या एका तालुका प्रतिनिधीचा फोन आला.

“सर, म्हणजे आता अध्यक्षांच्या वर कोर्ट झालं का?”

“नाही हो. शिस्त सभागृहानंच लावायची. पण अधिवेशनापुरतीच, ही मर्यादा विधानसभेच्या स्वतःच्या नियम 53 मध्ये आहे.”

(अध्यक्षपद त्या काळात रिक्तच होते, पण तो वेगळा विषय.)

शालेय पुस्तकांत कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ असे तीन चौकोन सुटे काढलेले असतात. इथे मात्र पहिले दोन एकमेकांत मिसळले होते: निलंबनाचा ठराव मांडणारे सरकारचे संसदीय कार्यमंत्री होते; म्हणजे ज्या बहुमतावर सरकार उभे होते, त्याच बहुमताने विरोधी बाकांवरची 12 माणसे कमी केली होती. तेव्हाच्या सरकारचे बहुमत काठावरचे नव्हते, पण ही वाट एकदा मोकळी झाली की काठावरचे बहुमत असलेले कोणतेही सरकार विरोधकांचे संख्याबळ सोयीने घटवू शकेल, ही न्यायालयाची चिंता मला सगळ्या निकालात सर्वांत मोलाची वाटली.

सभागृहाच्या दाराशी उभे राहणारे मार्शल, म्हणजे सभागृहाचे सुरक्षारक्षक, न्यायालयाच्या हुकमतीत नसतात, त्यामुळे या निकालाची अंमलबजावणीही विधिमंडळालाच करायची होती. सर्व प्राधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करावे, असे अनुच्छेद 144 सांगतो. चौकटीतला याबद्दलचा परिच्छेद जागेअभावी कापला गेला. मथळा बदलायला मात्र वृत्तसंपादक राजी झाले आणि चौकट ‘निलंबन अधिवेशनापुरतेच’ या मथळ्याखाली छापून आली.