शॉकनंतरची दोन मिनिटे

ग्रामीण रुग्णालयातील माझ्या नोकरीत हृदयविकाराचे रुग्ण पुष्कळ आले. पण बोलता बोलता, डोळ्यांदेखत एखाद्याचे हृदय बंद पडल्याचा प्रसंग आजवर एकदाच आला आहे.

पन्नाशीचे ते शेतकरी मध्यरात्रीनंतर मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले होते. छाती भरून आल्यामुळे घरच्यांनी दोन तास बाम चोळला होता आणि त्याचा वास साऱ्या अपघात विभागात पसरला होता. ईसीजीवरून मोठा झटका स्पष्ट दिसत होता. ॲस्पिरिन चघळायला देऊन सिस्टर सलाईनसाठी शीर शोधत असताना ते "डॉक्टर, गरगरतंय" एवढेच म्हणाले आणि मॉनिटरवरची रेषा एकाएकी वेडीवाकडी थरथरू लागली.

छातीला लावलेली मॉनिटरची लीड, म्हणजे वायर, सुटली असावी, असे मला क्षणभर वाटले, हे कबूल केले पाहिजे. घशातून घरघर चालू असल्याने पत्नीला तर ते घोरत आहेत असेच वाटले. हा श्वास फसवा असतो. रक्ताभिसरण थांबल्यावरही असे आचके काही वेळ येत राहतात. मानेची नाडी लागत नव्हती. हे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होते. त्यात हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही, आणि छातीवर दाब दिले नाहीत तर विजेचा शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

वॉर्डातल्या मामांनी लगेच छाती दाबायला घेतली. सिस्टरने हा शॉक देणारे यंत्र, डिफिब्रिलेटर, ओढून आणले, पण बामाने तेलकट झालेल्या त्वचेवर त्याची पॅडल्स, म्हणजे छातीवर टेकवायच्या दोन तबकड्या, टेकेनात. गॉजने छाती खसाखसा पुसली, पॅडल्सना जेल लावले आणि मामांचे दाब चालू असतानाच यंत्र 200 ज्यूलला चार्ज केले. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून, खाटेला कोणाचा हात लागलेला नाही हे पाहून मी "सगळे दूर व्हा" असे ओरडलो आणि दोन्ही बटणे दाबली.

अवघड भाग त्यानंतरचा होता. शॉक दिला की नजर आपोआप मॉनिटरकडे जाते आणि हात थांबतात. मामाही थांबून माझ्याकडे पाहू लागले. परंतु लय परतली तरी दमलेले हृदय लगेच पुरेसे रक्त ढकलत नाही, म्हणून नाडी न तपासता पुढची दोन मिनिटे दाब द्यायचे असतात. "दाबत राहा, मामा," असे मी म्हणालो खरा, पण ते म्हणताना माझे डोळे पडद्यावरच होते. दीड मिनिट झाले असेल, तोच त्या गृहस्थांनी मामांचे मनगट धरून हात बाजूला ढकलला.

रोज सकाळी यंत्राची चाचणी घेऊन त्याची पट्टी वहीत चिकटवण्याचे काम मला तोवर निव्वळ कारकुनी वाटत असे.

रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन पहाटे आम्ही त्यांना 108 रुग्णवाहिकेने ॲन्जिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवले. स्ट्रेचर उचलताना पत्नीला त्यांच्या छातीवरचे दोन लाल चट्टे दिसले. बाम जास्त चोळल्यामुळे कातडी भाजली का, असे तिने अपराधी चेहऱ्याने विचारले. बामाचा त्यात काही दोष नाही, हे मला तिला दोनदा सांगावे लागले.