खुनी राहू दे, वही कुणाची ते सांगा

शनिवार, रात्री उशिरा

नौपाड्यात मेधाताईंकडे आज आमच्या वाचनगटाची बैठक झाली. या खेपेची कादंबरी इंग्रजी, रहस्यकथा, आणि शोध घेणारा पोलीस नाही की वकील नाही, संगीताचा अभ्यासक. नाव मुद्दामच लिहीत नाही. शेवट फोडल्याशिवाय मला माझी तक्रार मांडताच येणार नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. व्हिएन्नातल्या एका जुन्या घरात अठराव्या शतकातल्या थोर संगीतकाराची वही सापडल्याचा गाजावाजा होतो. मूळ कागद कुणीच पाहिलेले नाहीत, फिरतात त्या नुसत्या झेरॉक्स. शंका काढणारी ग्रंथपाल मरते आणि आपला अभ्यासक कामाला लागतो.

सुहासकाकांनी आल्या आल्या तोफ डागली. "निम्मं पुस्तक कागदाच्या वॉटरमार्कवर! बँकेत जन्मभर नोटा उजेडात धरून तेच बघितलं, आता विरंगुळ्यालाही तेच?" ऋता ऐरोलीत नोकरी सांभाळून ख्याल शिकते. तिला नेमका तोच भाग आवडलेला, आणि मलाही. पूर्वी स्वरलेखनाच्या पाच रेघा पाच टोकांच्या लेखणीने एकदम ओढत. रेघांमधलं अंतर मोजलं की कुठली पानं एका वेळी आखली त्याचा अंदाज येतो. अभ्यासक खिडकीपाशी उभा राहून हे मोजतो, तेव्हा मी चहा विसरले होते. लेखकाच्या मनाचे खेळ नाहीत हे. संगीताचे अभ्यासक अॅलन टायसन यांनी मोत्सार्टच्या हस्तलिखितांचा काळ वॉटरमार्कवरून असाच ठरवला. आणि १९९३मध्ये अठराव्या शतकातल्याच हायडन या संगीतकाराच्या सहा हरवलेल्या सोनाटा, म्हणजे पियानोसारख्या वाद्यावरच्या रचना, सापडल्याची बातमी झाली, तेव्हा रॉबिन्स लँडन यांच्यासारखे हायडनचे जाणकारही फसले. तिथेही हाती होत्या त्या फोटोकॉपीच. कादंबरीचं बीज बहुधा तिथलंच असावं.

मग गाडी आपल्या गाण्यावर आली, ती यायचीच. ऋता म्हणाली, "काका, हा माणूस आपल्याकडे आला तर उजेडात धरायला कागदच मिळायचा नाही." बंदिशीत 'सदारंग' अशी मुद्रा, म्हणजे रचणाऱ्याचं टोपणनाव गुंफलेलं असतं हे खरं, पण बंदिश या गळ्यातून त्या गळ्यात जाणार, मध्ये शब्द बदलणार, कधी सूरही. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवून स्वरलिपीत बसवल्या, क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग झाले. आणि स्वतः लिहिताना? मराठीतल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'साठी 'विष्णुशर्मा', संस्कृत ग्रंथात 'चतुरपंडित'. "म्हणजे पहिला संशय त्यांच्यावरच!" काका खूश. त्यात भातखंडे शिकलेले वकील, हे मेधाताईंनी वर घातलं.

इतकी कुरकूर करणारे काका पिशवीत जुन्या साड्यांत गुंडाळून लाखेची एक तबकडी घेऊन आले होते, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. लेबल निम्मं झिजलेलं, गाणाऱ्याचं नाव गेलेलं. त्यांनी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात नखाने ओरखडावेत तसे बारीक आकडे उमटले. ऋताने मोबाइलचा टॉर्च लावून ते उतरवून घेतले. ध्वनिमुद्रणाचा हा क्रमांक कंपनीच्या याद्यांशी लावला तर गाणाऱ्याचं नाव लागू शकतं. १९०२मध्ये कलकत्त्यात गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची, ते याच्याच जातीचं. मूळ मुद्रण तबकड्या काढायला जर्मनीला जाणार, तिथल्या माणसाला गाणारी कोण हे कळायला हवं. वॉटरमार्कला नाकं मुरडणारे काका या आकड्यांवर पाऊण तास बोलले. कुणी त्यांना आठवण करून दिली नाही.

मालिकेतलं पुस्तक नाही हे बरंच झालं, याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. मालिकेचा नायक पुढच्या भागापुरता तरी जगणार हे आपण धरूनच चालतो. इथे अभ्यासक तळघरात कोंडला जातो तेव्हा तो गेलाच असं वाटलं. मेधाताईंना तरीही त्याची आणखी एक गोष्ट हवी आहे.

आता माझी तक्रार. अर्ध्यावर एक सुरेख धागा येतो. वहीत एका ठिकाणी पुनरावृत्तीची खूण एक मात्रा आधी पडलेली आहे, आणि तीच चूक एका प्राध्यापकाच्या तरुणपणीच्या छापील रचनेत. वही कुणाची हे तिथेच सुटलं! पण लेखक तो धागा दोन पानांत टाकून देतो. शेवटी प्राध्यापक पिस्तूल रोखून सगळं स्वतःच्याच तोंडाने सांगतो, अगदी शाईचा ब्रँडसुद्धा. मग त्या बिचाऱ्याने रेघा कशाला मोजल्या?

मेधाताई म्हणाल्या, "अगं, वॉटरमार्कवर कोर्ट फाशी देईल का?" कोर्टाचं मला नको होतं. हायडनच्या वेळी कोलोनच्या हायडन संस्थेतल्या अभ्यासकांनी मूळ कागद हाती न येताही सोनाटा बनावट ठरवल्या, कुणाच्या कबुलीसाठी अडून बसले नाहीत. कादंबरीला तेवढा धीर नव्हता. मी पाचपैकी तीन दिले, ऋताने साडेचार. काकांनी दोन दिले, आणि त्याच लेखकाचं दुसरं काही आहे का ते हळूच विचारलं.