पुस्तकांच्या गावात, वेगवेगळ्या घरांत

"तुझ्या त्या पुस्तकांच्या गावाला, भिलारला, एकदाचं जाऊन येऊ, म्हणजे तुझी भुणभुण तरी थांबेल," असं साहेब म्हणाले. मी ते आमंत्रण समजले आणि लगेच फेब्रुवारीतला रविवार पक्का करून टाकला.

साहेब म्हणजे कुणी अधिकारी नव्हे. राज्यसेवेची तयारी करणारा माझा मित्र. (मित्रच लिहिते, हे घरचेही वाचतात.) पुण्यात अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येक पोराला कुणी ना कुणी साहेब म्हणतंच. मी जरा जास्त लाडानं म्हणते, एवढंच.

आम्ही दोघंही टीवायला. माझं मराठी, त्याचं राज्यशास्त्र. सकाळी लेक्चरं झाली की दुपारी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात पंख्याखालचं टेबल धरायचं आणि संध्याकाळी मेसची वेळ होईपर्यंत हलायचं नाही, हा आमचा दिवस. एका कार्डावर दोनच पुस्तकं मिळतात म्हणून त्याचं कार्डही मीच वापरते. त्यामुळे कागदोपत्री तो कॉलेजातला सगळ्यात मोठा कादंबरीवाचक आहे. ग्रंथपाल सर कौतुकानं विचारतात, "काय, कशी वाटली?" आणि हा कानापर्यंत लाल होतो. त्याला कादंबरी म्हणजे वेळेची उधळपट्टी वाटते. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा लेखी, वर्णनात्मक झाली, तेव्हापासून मात्र "चार वाक्यं नीट कशी लिहायची गं?" असं अधूनमधून विचारतो. मी भाव खाते.

माझं म्हणाल तर पहिल्या वर्षी वसतिगृहात आले तेव्हा एका सीनियर ताईनं 'कोसला' हातात ठेवली. १९६३ सालची कादंबरी, खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या पोराची; पण त्यातलं वसतिगृह आणि मेस वाचताना वाटलं, हा शेजारच्याच खोलीत राहतो. तरी उशाखाली असते ती 'बनगरवाडी'च, धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची. मी आटपाडीकडची. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ आमच्याच तालुक्यात. त्या पुस्तकातली मेंढरं, माळ, उन्हानं भाजलेली ढेकळं मला वाचावी लागत नाहीत, आपोआप दिसतात.

तर प्रवास. स्वारगेटहून सकाळची महाबळेश्वर गाडी. कंडक्टरनं मला अर्धं तिकीट फाडलं आणि त्याला पूर्ण. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रवासात साहेबांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो. खंबाटकी ओलांडून गाडी वाईच्या स्टँडवर थांबली. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं, हे आठवून मला उतरून निदान ती इमारत तरी बघावीशी वाटली. तोंडातून 'विश्वकोश' निघाला मात्र, शेजारून लगेच सुरू झालं, "तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, पहिला खंड १९७६, एकूण वीस खंड." मी ग्रंथालयात त्या जाडजूड खंडांतून दुपारच्या दुपारी घालवल्यात. यानं एकही उघडलेला नाही आणि मार्क मात्र यालाच मिळणार.

पसरणी घाटात मी वाचत बसायची चूक केली. तिसऱ्या वळणाला अक्षरं पोहायला लागली. त्यानं न बोलता खिशातून आवळासुपारी काढून दिली. पाचगणी येईपर्यंत मी डोळे मिटून बसले होते, त्यामुळे घाटाचं वर्णन कुणी मागू नये.

पाचगणीहून जीपनं भिलार. गावात शिरताच भिंती बोलायला लागतात. घरांवर चित्रं, आणि दारापाशी पाटी: कथा, कविता, बालसाहित्य, इतिहास, विज्ञान, दिवाळी अंक. ४ मे २०१७ ला राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकारानं हे सुरू झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली. पण ते गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं. इथं दुकान नाही. लोकांनी आपल्या घरातली एखादी खोली, पडवी, माडी पुस्तकांना दिलीय. आत यायचं, हवं ते काढायचं, बसायचं, वाचायचं, परत जागेवर ठेवायचं. पैसे नाहीत आणि पुस्तक घरी न्यायचंही नाही.

आता गोम अशी की, एका घरात एकाच प्रकारची पुस्तकं. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. मी आठवडाभर मनात चित्र रंगवलेलं: शेजारी शेजारी दोन खुर्च्या, मध्ये चहा, मी माझं वाचतेय, तो त्याचं. प्रत्यक्षात कादंबऱ्यांचं घर एका आळीला आणि इतिहासाचं दुसरीकडे. पुस्तकांच्या गावात दोघांनी जायचं तर दोन घरांत बसायचं! "मग दोनला जेवायला भेटू," असं म्हणून साहेब चक्क चालू पडले. मागं वळून बघितलंही नाही.

कादंबऱ्यांच्या घरात शिरले. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून कपाटं, खिडकीपाशी खुर्ची, आणि पडवीत एक काकू पाय पसरून स्ट्रॉबेरी निवडत होत्या. मोठी, लालबुंद फळं खोक्यात देठ एका बाजूला करून लावायची आणि बारकी बादलीत टाकायची.

"एकटीच आलीस व्हय गं?"

"नाही, दोघं आलोय. तो इतिहासात आहे."

काकू हसल्या. दोन बारकी फळं माझ्या हातावर ठेवली आणि वर बजावलं, "खा, पण हात धुऊन मग पुस्तकाला लाव. ह्याचा डाग जात न्हाई." त्यांच्या बोटांची टोकं खरंच गुलाबी झाली होती, नखांच्या कडांशी जास्त गडद. मोरीत हात धुतले, ओढणीला पुसले, तरी वास राहिलाच.

मग मी कपाटापुढं उभी राहिले. नाव ऐकलेली, कधीची शोधत असलेली, आमच्या ग्रंथालयात 'गहाळ' शिक्का बसलेली कितीतरी पुस्तकं समोर. पाच-सहा काढली, चाळली. आणि शेवटी काय घेऊन बसले असेन? 'बनगरवाडी'. हसा खुशाल. पुण्याहून एवढ्या लांब येऊन उशाखालचंच पुस्तक! पण परक्या गावात ओळखीचं माणूस दिसलं की आपण त्याच्याशीच बोलत बसतो ना, तसं झालं. शिवाय ही प्रत माझी नव्हती. माझ्या प्रतीत कुठल्या पानावर चहा सांडलाय हे मला पाठ आहे. हिच्यात तसल्या खुणा नव्हत्या, त्यामुळे मी त्या नव्या मास्तराबरोबर वाडीकडे पुन्हा पहिल्यांदा निघाल्यासारखी निघाले.

एक गंमत मात्र वाचताना सारखी डोक्यात येत होती. बाहेर लाल माती, हिरवे वाफे, ठिबकच्या नळ्या. हातात माणदेशाचा दुष्काळ. दोन्ही घडवणारे डोंगर तेच. महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि ढग इथंच रिकामे होतात. आमच्याकडे पाचशे झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. पर्जन्यछाया हा शब्द मला साहेबांनीच शिकवलाय. आमच्या आजोबांना तो माहीत नव्हता. ते नुसतं पश्चिमेकडे बघून म्हणायचे, "तिकडंच वतला समदा."

भूक लागली तेव्हा मान वर केली. अडीच वाजले होते! दोनला भेटायचं ठरलेलं, आणि हा पठ्ठ्या बोलवायलासुद्धा आला नाही. मी फणफणत इतिहासाच्या घरी गेले. तिथले आजोबा म्हणाले, "तो मुलगा? जावळीच्या मोऱ्यांवर बराच वेळ वाचत होता. गेला की एकच्या सुमारास." फोन लावला, लागेना. परत पहिल्या घरी आले. काकूंचं खोकं भरत आलं होतं.

"अगं, तो उंच, चष्म्याचा? इथंच बसला हुता की समोर पायरीवर. तासभर. तू मान वर केली न्हाईस. मी हाक मारते म्हटलं, तर नको म्हणाला."

मला काय बोलावं सुचेना. काकूंनी आणखी दोन फळं दिली.

साहेब सापडले जरा पुढच्या एका घराच्या अंगणात. पिठलं-भाकरीची दोन ताटं सांगून, दुसरं ताट झाकून ठेवून बसलेले.

"हाक का नाही मारलीस?"

"तालमीपर्यंत आली होतीस. म्हटलं, राजेसाहेब येऊन जाऊ देत."

त्यानं 'बनगरवाडी' वाचलेली नाही. त्याच्या कार्डावर ती तीनदा निघालीय, पण तिन्ही वेळा माझ्यासाठीच. वाडीची तालीम आणि तिथं येणारे राजेसाहेब त्याला माहीत आहेत ते मी मेसच्या रांगेत, बसथांब्यावर, फोनवर शंभरदा सांगितल्यामुळे. मला वाटायचं तो नुसता हूं हूं करतो.

"आणि मी तालमीपर्यंत आलेय हे तुला तिथून कसं कळलं?"

"तो भाग आला की तू दोन्ही पाय वर घेऊन बसतेस. कधीही बघ."

मी भाकरी मोडली. पिठलं निवलं होतं, पण ठेच्यानं काम भागवलं.

जेवण झाल्यावर दोघं मिळून कवितेच्या घरी गेलो. कुणाचाच विषय नाही, म्हणजे भांडण नाही. तिथं कुलूप. शेजारी कळलं, घरची सगळी माणसं फळं तोडायला रानात गेलीत. मग दिवाळी अंकांच्या घरात जुने अंक उलटत बसलो. त्यानं लेख सोडून जाहिराती वाचल्या आणि मीही त्याला टोकलं नाही.

परतीची गाडी खचाखच. वाईपर्यंत उभ्यानं. घाटात वळणावळणाला त्याचा दंड धरावा लागत होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खिडकीबाहेर बोट दाखवून तो सांगत होता, १६५६ ला जावळी घेतली, १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान. मी हूं हूं करत होते. वाईला जागा मिळाली. जरा वेळानं म्हणाला, "एक विचारू? त्या मास्तरला पगार किती होता गं?"

शंभरदा वाचलंय, पण मला आठवेना. त्यात दिलाय की नाही, तेही सांगता येईना. वसतिगृहावर पोचल्या पोचल्या उशाखालची प्रत काढली आणि पहिल्यापासून शोधायला बसले. मास्तर वाडीत पोचायच्या आत रेक्टरबाईंनी दिवा बंद करायला लावला.