रात्री घरात झोपणारा राखणदार

आमचा मोत्या बिबट्याने नेला, ती रात्र डिसेंबरातली होती. तो गोठ्याशेजारच्या खांबाला बांधलेला होता, कारण राखणीचा कुत्रा रात्री बाहेरच बांधायचा असतो, असे आमच्या घरात तीन पिढ्या चालत आले होते. सकाळी साखळी जागच्या जागी होती आणि तिच्या टोकाशी तुटलेला पट्टा पडला होता. सासूबाईंनी तो पट्टा धुऊन देवळीत ठेवला आणि पुढचे वर्षभर आमच्या घरात कुत्र्याचा विषय कोणी काढला नाही.

नारायणगावच्या पुढे, रस्त्यापासून थोडी आत आमची वस्ती आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आल्यापासून या पट्ट्यात ऊस वाढला आणि उसात बिबट्याला बाराही महिने लपायला जागा मिळाली. माद्या उसातच पिल्ले घालतात आणि ती पिल्ले त्याच वस्त्यांच्या आसपास मोठी होतात. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे, हे इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा असल्याचे दिसले. मोत्या गेल्यानंतर मी हे वाचले आणि फार उशिरा वाचले, याची खंत मला आजही आहे. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, लपता येत नाही, आणि त्याच्या भुंकण्यानेच बिबट्याला त्याची जागा कळते.

तरीही कुत्र्यावाचून आमचे चालण्यासारखे नव्हते. माझ्या यजमानांची नोकरी चाकणला आहे आणि आठवड्यातल्या तीन-चार रात्री ते घरी नसतात. घरात मी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली होती. गेल्या पावसाळ्यात आम्ही नवा कुत्रा आणायचे ठरवले, तेव्हा पहिली अट सासूबाईंनीच घातली: दिवे लागणीनंतर तो घरात येईल आणि सकाळपर्यंत घरातच राहील. या एका अटीमुळे जातीचा सगळा विचार आम्हाला नव्याने करावा लागला. अंगणात बांधलेला कुत्रा तापट असला तरी माणसे त्याच्यापासून चार हात दूर राहून दिवस काढतात. जो माजघरात मुलीच्या अंथरुणाशेजारी झोपणार, त्याच्या स्वभावात अशी तडजोड चालत नाही.

दुसरी अडचण दिवसाची होती. टोमॅटोच्या तोडणीच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे सहाला मजूर येतात, त्यांच्यामागून टेंपो येतो, दूधवाला येतो, सिलिंडरवाला येतो, वायरमन येतो. एके दिवशी मी मोजले, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौदा परकी माणसे अंगणात येऊन गेली होती, आणि त्यांतले एकही माणूस अडवावे असे नव्हते. म्हणजे आम्हाला हवा असलेला कुत्रा दिवसा घरच्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून परक्याला येऊ देणारा आणि रात्री स्वतःहून सावध करणारा असायला हवा होता. चावणारा कुत्रा आम्हाला नकोच होता. राखणीतले खरे काम भुंकण्याने होते. चोर बहुतेक वेळा आवाजालाच मागे फिरतो आणि घरातल्यांना दार लावून दिवा लावायला तेवढा अवधी पुरतो. शिवाय पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा होऊन माणसाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

दिरांनी रॉटवायलर सुचवला. त्यांच्या मित्राकडचा रॉटवायलर मी जाऊन पाहिला आणि तो मला मनापासून आवडला; शांत, भारदस्त, मालकाच्या पायाशी बसून सगळीकडे लक्ष ठेवणारा. जर्मनीतल्या रॉटवाइल गावाच्या परिसरात ही जात गुरे हाकण्यासाठी आणि खाटकांच्या मालाच्या राखणीसाठी वापरली जाई. गुरांना अंगाने रेटणे हे तिचे मूळ काम, आणि नराचे वजन पन्नास किलोच्या घरात जाते. सासूबाईंच्या हातातून असा कुत्रा एकदा सुटला, तर तो त्यांना आवरणार कसा, या प्रश्नाचे उत्तर भाऊजींकडेही नव्हते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींच्या आयातीवर, पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घालण्याविषयी राज्यांना परिपत्रक पाठवले होते आणि त्यात रॉटवायलरचेही नाव होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. जातीच्या नावावरून कुत्र्याला सरसकट घातक ठरवणे मला पटत नाही. पण आपल्या घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला जो कुत्रा दोरीने धरून ठेवता येत नाही, तो आपल्या घरासाठी नाही, एवढे मी ठरवून टाकले.

डोबरमनचा विचार त्याच्या तोकड्या केसांमुळे केला, कारण आमच्याकडचा एप्रिल-मे त्याला झेपला असता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अपोल्डा या जर्मन गावात करवसुलीचे काम करणाऱ्या डोबरमन नावाच्या गृहस्थांनी स्वतःच्या सोबतीला आणि संरक्षणाला ही जात घडवली. तिचा स्वभावही तसाच आहे: एका माणसाला चिकटून राहणारा, त्याच्या मनातले ओळखणारा आणि तो दिसला नाही की बेचैन होणारा. ज्या घरात धनी आठवड्यातून तीन-चार रात्री बाहेर असतो आणि मीही दिवसभर शाळेत शिकवायला जाते, तिथे असा कुत्रा सुखी राहिला नसता. या जातीत हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजारही बराच आढळतो.

कारवानी मला सर्वांत जास्त आवडतो, हे सांगायलाच हवे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली ही जात आपल्या दख्खनच्या हवेत मुरलेली आहे, आणि २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत तिला स्थान मिळाले होते. पण कारवानी हा नजरेने शिकार हेरणारा आणि वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा आहे. हललेली वस्तू दिसली की त्याचे पाय आपोआप सुटतात, आणि आमच्या वस्तीवर सत्तर कोंबड्या, शेजाऱ्यांची करडे आणि तीन मांजरे आहेत. शिवाय तो अंगाने नाजूक आणि मनाने मानी असतो. मुलांची ओढाताण त्याला खपत नाही. मोकळे माळरान आणि मोठी मुले असलेल्या घरात मी तोच आणला असता.

लॅब्रेडॉरबद्दल फार लिहायला नको. पाडलेला पक्षी दात न लावता धन्याला आणून देणे हे त्याचे पिढीजात काम. तो परक्यालाही शेपूट हलवतच सामोरा जातो.

गावठी कुत्र्याविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे, कारण कोणी विचारले तर मी आजही पहिले नाव त्याचेच घेते. त्याचे कान तिखट असतात, अन्न साधे लागते, ऊन-पाऊस त्याला बाधत नाही, आणि आपल्या अंगणाची हद्द त्याला शिकवावी लागत नाही. माहितीतल्या, माणसाळलेल्या कुत्रीचे पिल्लू दोन महिन्यांचे असताना घरात आणले आणि पहिल्या रात्रीपासून आतच झोपवले, तर त्याच्याइतका चांगला राखणदार मिळणे कठीण आहे. आम्ही तसे पिल्लू पाहूनही आलो होतो. ते मोत्यासारखेच तांबूस होते, कपाळावर तसाच पांढरा ठिपका होता, आणि ते पाहून सासूबाई टेंपोत बसल्या त्या घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. त्यानंतर मी तो आग्रह सोडला. घरातल्या एका माणसाचे दुःख हेही कुत्र्याच्या निवडीत मोजायचे कारण असते, असे मला वाटते.

उरला जर्मन शेफर्ड. पोलिसांबरोबर दिसणारा म्हणून लोक त्याला आक्रमक समजतात, पण १८९९ साली माक्स फॉन स्टेफानित्स यांनी या जातीची पहिली नोंद केली, ती मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून. कुंपण नसलेल्या शेतांच्या मधल्या पट्ट्यांत मेंढ्या चरत असत आणि पिकाच्या कडेने दिवसभर येरझारा घालून त्यांना पिकात जाऊ न देणे, हे या कुत्र्यांचे काम होते. धन्याच्या खुणेकडे लक्ष ठेवायचे, कोणाला इजा करायची नाही आणि हद्द सोडायची नाही. हे वाचल्यावर मला आमची गरज नेमक्या शब्दांत कोणीतरी लिहून ठेवल्यासारखे वाटले. मादीचे वजन बावीस ते बत्तीस किलो, म्हणजे मलाच नव्हे तर सासूबाईंनाही दोरीने आवरता येईल इतके. खुब्याच्या सांध्याचा दोष ही या जातीची मोठी दुखरी बाजू आहे, म्हणून आई-वडिलांचे क्ष-किरण अहवाल पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये आणि पाठ मागे फार उतरती असलेला कुत्रा टाळावा, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले. दाट दुहेरी केसांमुळे उन्हाळ्यात सावली, पाणी आणि भर दुपारी पूर्ण विश्रांती द्यावी लागते.

पिल्लासाठी ज्या पैदासकाराकडे आम्ही गेलो, तो पस्तीस दिवसांचे पिल्लू द्यायला तयार होता. क्ष-किरण अहवालाचा विषय काढला तेव्हा त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेते, आणि त्यातला पहिला काळ आई-भावंडांपाशी गेला, तरच चावा किती हलका घ्यायचा हे त्याला कळते. आम्ही तिथून रिकाम्या हाताने परतलो.

त्यानंतर पुण्यातल्या एका कुटुंबाने परदेशी जाताना आपली अडीच वर्षांची जर्मन शेफर्ड कुत्री रोझी आम्हाला दिली. मोठा कुत्रा आणण्याची कल्पना अनेकांना रुचत नाही, पण त्यात एक गोष्ट हाती लागते: स्वभाव काय होईल याचा अंदाज करत बसावे लागत नाही, तो समोर दिसतो. आम्ही तिला चार वेळा भेटलो. मुलीने तिच्याजवळ पितळी ताट मुद्दाम पाडले. रोझी दचकली, मागे सरली आणि क्षणभराने वास घ्यायला परत आली. दचकून गुरगुरणारा कुत्रा मी नाकारला असता, आणि अजिबात न दचकणाराही मला राखणीसाठी कमी वाटला असता. तिला आम्ही आधी खाताना पाहिले, मग अनोळखी माणूस दारात आल्यावर, आणि शेवटी तिच्या घरच्यांनी ‘पुरे’ म्हटल्यावर ती भुंकणे थांबवते का तेही पाहिले.

घरी आल्यावर पहिले तीन आठवडे ती अंगणात दोरीशिवाय फिरली नाही. मजुरांना रोज सकाळी मी स्वतः तिची ओळख करून देत असे; त्यांनी तिच्याकडे न पाहता पुढे जायचे आणि तिने माझ्याजवळ बसायचे, एवढेच. कोंबड्यांचा प्रश्न सुटायला महिना लागला आणि एक कोंबडी गेली. मुलीसाठी दोन नियम आहेत, ते मोडले की त्या दिवशी खेळ बंद: रोझी खात असताना किंवा झोपलेली असताना तिला हात लावायचा नाही, आणि मोठे माणूस नसताना खोलीत दोघींनी एकट्याने थांबायचे नाही. रेबीजची लस दर वर्षी ठरल्या दिवशी होते.

आता दिवे लागणीला सासूबाई ओट्यावरून तिला हाक मारतात आणि ती आत आली की स्वतः कडी लावतात. रात्री ती एका जागी झोपत नाही. मुलीच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणि तिथून पडवीच्या खिडकीपर्यंत तासा-दोन तासांनी तिची एक फेरी होते. मागच्या महिन्यात पहाटे तीनला ती खिडकीशी उभी राहून दबक्या आवाजात गुरगुरली. मी बाहेरचा दिवा लावला. गोठ्याच्या जाळीपलीकडून काहीतरी उसात शिरले, पाती हलत राहिली, आणि सकाळी ओल्या मातीत ठसे सापडले. दोन्ही गाई आणि वासरू गोठ्यात सुरक्षित होते, आणि रोझी सासूबाईंच्या खाटेखाली झोपली होती.