क्रायटेरिया पाच आणि उसाचा फड

पहिला फोन लागला तो थेट चिक्कोडीकडच्या फडावर. आधी बैलाच्या घुंगरांचा आवाज आला, मग एका बाईचा.

"कोण बोलायलंय?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं, भूगोलाच्या मॅडम बोलतेय म्हटलं. तिला वाटलं फी थकलीय. "त्याची फी भरलीया की समदी. पावती हाय घरी, पेटीत." म्हटलं, मावशी, फीचं काही नाही, तो पुढं काय शिकतोय एवढंच विचारायचंय. पलीकडं जरा वेळ गप्प. मग ती म्हणाली, "इथंच हाय की. मोळ्या वाहायलाय. देऊ का?"

शेवटचं वर्ष करून बाहेर पडलेल्या पोरांची माझ्याकडं एक यादी होती, हा त्यातला 17 नंबर. नावं लिहिणार नाही, नंबरावरच भागवते.

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या अंगावर वसलेल्या तालुक्याच्या गावातलं. जुनं आहे. 1950 साली औरंगाबादला मिलिंद आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, तरी त्या पोरांच्या पदवीवर शिक्का हैदराबादच्या उस्मानियाचाच असायचा. 23 ऑगस्ट 1958 ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, आणि त्यानंतर तालुक्या-तालुक्याला जी कॉलेजं उभी राहिली त्यांतलं आमचं एक. पुढं कडुनिंब, मागं ग्राउंड, मधे दगडी इमारत. तिच्या जुन्या वर्गांत अजूनही पंखा लावला की फळ्याजवळचं ऐकू येत नाही.

अशा कॉलेजलाही दर वर्षी आपली प्रगती लिहून द्यावी लागते. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी बंगळुरातली संस्था. तिचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, म्हणजे आमच्या भाषेत एक्यूएआर, डिसेंबरअखेर पोर्टलवर चढवायचा असतो. त्याचे सात क्रायटेरिया, म्हणजे निकष. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, इमारत-ग्रंथालय असं करत पाचवा येतो: विद्यार्थ्यांना आधार आणि त्यांची पुढची वाटचाल. तो माझ्या गळ्यात पडला. कारण देताना आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाचे, सर म्हणाले, "मॅडम, तुमचं पोरांशी जमतं." स्टाफरूममध्ये कुणाचं कौतुक झालं की मी आता आधी खुर्ची घट्ट धरते.

पाचव्यात 5.2 नावाची जागा आहे, खरी मेख तिथं. 5.2.1: शेवटच्या वर्षातून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली. 5.2.2: किती जण पुढच्या शिक्षणाला गेले. 5.2.3: नेट, सेट, स्पर्धा परीक्षा किती जण पास झाले. प्रत्येक नावापुढं पुरावा हवा. प्रवेशाची पावती, आयकार्ड, नियुक्तिपत्र. नुसतं "पुण्याला असतो" चालत नाही.

माझ्या यादीत 143 नावं होती. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. मिळून.

आता ज्याला आमच्याकडचं साल माहीत आहे त्याला यातली गंमत लगेच कळेल. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात, दिवाळी उरकली की निम्मी वस्ती ओस. कारखान्यांचे बॉयलर पेटलेले, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, ट्रॅक्टर दारात. मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि कुत्री. म्हणजे ज्या तीन महिन्यांत आमची पोरं कुठं आहेत हे शोधून काढायचं, नेमकी त्याच महिन्यांत ती सांगली, कोल्हापूर, बेळगावकडं पांगलेली. हे वेळापत्रक बंगळुरात बसून केलं त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या कॅलेंडरात गाळप हंगाम कशाला असेल?

पोरांचे नंबरही बघा. प्रवेश अर्जावर लिहिलेला नंबर बहुतेक वेळा बापाचा. बापाचा फोन फडावर, तिथं चार्जिंग नाही. मुलीचा नंबर असला तर लग्नानंतर सिम बदललेलं. पहिल्या दिवशी मी 30 फोन लावले, 8 लागले. त्यातले 2 चुकीचे. एका गृहस्थांनी मी मोबाइल कंपनीची बाई आहे असं धरून प्लॅनबद्दल दहा मिनिटं तक्रार केली. मी ऐकून घेतली. दुसरं काय करणार?

17 नंबर फोनवर आला तेव्हा धाप लागलेली होती. बी.ए.ला माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसायचा. नकाशा हातानं काढायचा, अगदी समोच्च रेषांसकट. मे महिन्यात लग्न झालं. आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न झालं की कोयता पुरा होतो, उचल वाढून मिळते. पोरापोरींची लग्नं लवकर का होतात हे विचारणाऱ्यांना मी आधी हे सांगते. त्याला म्हटलं, एम.ए.चं काय झालं? "मॅडम, फॉर्म भरणार होतो. तारीख निघून गेली, तवर टोळी ठरली." मग स्वतःच म्हणाला, "फिटली की येतो." फिटली म्हणजे उचल.

त्याच्यासाठी रकाना नाही. 5.2.1 मध्ये तो बसत नाही, 5.2.2 मध्येही नाही.

रकान्यात न बसणारा तो एकटा नाही. 52 नंबर चाकणला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलाय. महिन्याला पगार येतो, घरी पैसे पाठवतो, धाकट्या भावाची अकरावीची फी त्यानंच भरली. नियुक्तिपत्र पाठव म्हटलं तर त्यानं गेटपासचा फोटो पाठवला. गेटपासवर कारखान्याचं नाव बारीक आणि ठेकेदाराचं मोठं. आमच्या सरांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हे नाही चालायचं." सॅलरी स्लिप माग म्हणाले. त्याला स्लिप मिळत नाही, पैसे ठेकेदार फोनवर टाकतो. मी सरांशी अर्धा तास भांडले. सर बरोबर होते, पण मला भांडायचं होतं.

88 नंबर आमच्याच ग्राउंडवर सापडली, फोनसुद्धा करावा लागला नाही. पहाटे पाचला 800 मीटर पळते, मग गोळा. पोलीस भरतीची मैदानी चाचणी निघालीय तिची, लेखीचा निकाल यायचाय. तिनं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि वेळ घ्यायला लावली. मला त्यातलं कळत नाही, मी आपली "छान, छान" म्हणत राहिले. ती वैतागली. "मॅडम, छान नका म्हणू, सेकंद सांगा."

सगळ्यात जास्त वेळ 109 नंबरानं घेतला. पहिल्यांदा सासऱ्यांनी उचलला. "सूनबाई कामात हाय." दुसऱ्या दिवशीही सासरेच. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला लावला, जेवणं उरकून घरात बाया राहतात त्या वेळेला. सासूबाईंनी उचलला आणि एकही प्रश्न न विचारता फोन तिच्या हातात दिला. पोरगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी मुक्तला टाकलंय नाव." नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, एम.ए. मराठी. नवऱ्यानं फॉर्म भरून दिला, अभ्यासकेंद्र अठरा किलोमीटरवर. फीची पावती कुठंय? माहेरी, ट्रंकेत. का तर सासरी कागद हरवतात. तिच्या आईनं ती पावती स्वतः कॉलेजात आणून दिली, पदराच्या गाठीत घडी घालून. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आमच्या ऑफिसला झालेला फायदा हा: कागद द्यायला आता आया स्वतः येतात. बाप यायचे तेव्हा निम्मे कागद विसरून यायचे.

मधल्या एका दुपारी फोन लावून लावून कान तापला म्हणून ग्रंथालयात जाऊन बसले. आमचे ग्रंथपाल जुने वार्षिक अंक बांधून ठेवतात. 1972-73 चा अंक काढला. त्यात प्राचार्यांचा अहवाल आहे, स्नेहसंमेलनात वाचलेला. पानं पिवळी पडलीत आणि एका कोपऱ्यावर वाळवीनं आपला क्रायटेरिया लावलाय. दुष्काळाचं साल ते. माझे वडील तेव्हा खडी फोडायला जायचे आणि सुकडी खायचे. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची चव त्यांना अजून आठवते, आठवली की तोंड वाकडं करतात. त्या अहवालात निकाल आहेत, खेळ आहेत, ग्रंथालयात आलेली पुस्तकं आहेत. आणि मधेच दोन-तीन ओळींत लिहिलंय की कितीतरी विद्यार्थी दुष्काळी कामांवर हजेरी लिहायला गेल्यामुळं वर्गात येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी सुट्टीत जादा तास घेतले. आकडा नाही, पुरावा नाही. पण पोरं कुठं गेली ते लिहिलंय.

मी ते पान फोनमध्ये टिपून घेतलं. सरांना दाखवलं. सर म्हणाले, "सुंदर. पण अपलोड कुठं करणार?"

आता एक गोष्ट सांगते, स्टाफरूममध्ये ती मी एकटीच म्हणते म्हणून माझ्यावर हसतात. या अहवालाला सगळे शिव्या घालतात, मी घालत नाही. मी या कॉलेजात सतरा वर्षं शिकवतेय. या सतरा वर्षांत बाहेर पडलेल्या एकाही तुकडीला मी आपणहून फोन केला नव्हता. निकाल लागला, टी.सी. दिली, संपलं. रस्त्यात भेटली पोरं तर चहा. मागचा अहवाल उघडून बघितला तर 5.2.2 मध्ये आकडा भरघोस आणि फाइलमध्ये पुरावे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचे. कुणी भरला ते सगळ्यांना माहीत आहे, ते आता निवृत्त आहेत आणि माणूस चांगला आहे. त्यांनीही फोन लावले नसणार, एवढंच.

उद्या पाच वर्षांचा मोठा अहवाल जाईल, तेव्हा पडताळणीवाले एकेक पावती मागतील. गेल्या फेरीत आम्ही बी प्लस प्लसवर अडकलो, म्हणजे 4 पैकी 2.76 ते 3.00 च्या मधे. एका पायरीवर ए होतं. संस्थेच्या बैठकीत त्यावर बरंच बोलणं झालं. रिकाम्या जागांवर कमी झालं. माझ्या विभागात मंजूर जागा दोन, भरलेली एक, ती मी. दुसरा तास घेणारा तरुण तासिका तत्त्वावर आहे. सेट पास आहे, आणि त्याचं मानधन वेळेवर आलं की आम्हाला जिलेबी मिळते. वर्षातून दोनदा मिळते.

त्यात 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, क्रेडिट. पहिल्या वर्षाच्या पोरांना समजावताना आमच्याच जिभा वळत नव्हत्या. प्रत्येकाचं क्रेडिट खातं काढायचं. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल कुणाचा? बापाचा. बाप कुठं? एका पोरीनं वर्गात माझ्यासमोर फोन लावला, बापाला ओरडून सांगितलं, "मेसेज वाचा, सहा आकडे हायेत!" बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं फोन शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, पोराकडं दिला, त्यानं आकडे वाचले, तोवर वेळ संपली. चौथ्या खेपेला खातं निघालं. आख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. याला अध्यापनातला कोणता क्रायटेरिया लावायचा हे मी सरांना विचारलं नाही.

29 डिसेंबरला माझी फाइल बंद केली. 143 पैकी 118 जणांपर्यंत पोचले. पुढं शिकणारे 41, पुरावे 33 चे. कामाला लागलेले 19, कागद 7 जणांचे. पोर्टलवर 33 आणि 7 गेले. बाकीचे माझ्या वहीत आहेत, साध्या दोनशे पानी वहीत, शेवटचा रकाना मी स्वतः आखलेला: "सध्या". त्यात "मोळ्या", "गेटपास", "800 मीटर", "बाळंतपणाला माहेरी", "किराणा, स्वतःचं", "बापाला दम्याचा त्रास म्हणून घरी" असलं लिहिलंय. 17 नंबरापुढं "फिटली की".

दोन जणांनी मात्र पार जानेवारीत कागद पाठवले. एकानं एम.एस्सी.च्या आयकार्डाचा फोटो, सोबत उशीर झाल्याबद्दल मोठा माफीनामा. पोर्टल बंद झालेलं. मी प्रिंट काढून फाइलला लावली, आणि त्याला कळवलं की मिळाली.

यंदा फॉर्ममध्ये मी एक ओळ वाढवून घेतली आहे. प्राचार्यांनी सही करताना भुवया उंचावल्या, पण केली. ओळ अशी: वर्षभर गावातच राहणाऱ्या एखाद्या माणसाचा मोबाइल क्रमांक. आजी, किराणा दुकानदार, देवळाचा पुजारी, कुणीही चालेल.

परवा पहिल्या वर्षाचा एक पोरगा तो फॉर्म घेऊन आला. ती एक जागा मोकळी. म्हटलं, इथं लिही की कुणाचा तरी. डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, आमच्या वस्तीवर वर्षभर कुणीच नसतं. मुकादमाचा दिला तर चालंल का?"