पंचविसाचं बंडल

मंगळवारची मनोचैतन्यची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी. निम्मे पेशंट "तेच लिहून द्या" म्हणतात, आणि मीही लिहून देतो. केसपेपरवर एकच शब्द: रिपीट. कानात आवाज येतात म्हणून आलेल्या, बिड्या वळणाऱ्या या बाईंच्या कागदावर तो मी चार वर्षं लिहिला.

त्या दिवशी सोबत धाकटी जाऊ आली होती. "सायब, आवाज येत न्हाईत आता. पण आक्कांचं बंडल कारखान्यातनं परत येतंय. कधी बावीस, कधी अठ्ठावीस."

बिडीचं बंडल पंचविसाचं, हे निपाणी पट्ट्यात पोराटोरांनाही ठाऊक. पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं अजून बिनचूक. ती सवय बोटांत असते. मोजताना मात्र दर वेळी आकडा डोक्यातच धरून ठेवावा लागतो.

आमच्या छापील चाचण्या कन्नडमध्ये, बाई मराठी. भाषावादावर भाषणं देणाऱ्यांपैकी कुणाला हे सुचलेलं नाही. आमची सिस्टर बागलकोटकडची. ती म्हणाली, "सर, फॉर्म ठेवा. काड्या मोजायला द्या." काडेपेटी ओतली. अकरावर बाई थांबल्या, "किती झालं वो?" पुन्हा एकपासून. आठवड्याचे वार उलटे विचारले, तर शनिवार, शुक्रवार, आणि मग माझ्याकडे बघून हसल्या.

मग सगळे जुने कागद टेबलावर पसरले. आवाज दाबणारं हॅलोपेरिडॉल रोज 10 मिलिग्रॅम, सीमेपलीकडच्या एका खाजगी डॉक्टरांनी आजाराच्या मोठ्या झटक्यात चालू केलेलं. त्याच कामाचं रिस्पेरिडोन 6, आमचं; ते चढवताना जुनं उतरवायचं राहून गेलं. अशा गोळ्यांची ताकद क्लोरप्रोमाझीन या जुन्या औषधाच्या मापात तोलतात; त्यात दोन्हींची बेरीज हजार मिलिग्रॅमच्या आसपास. हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल 6, झोपेला लोराझेपाम. म्हणजे एका गोळीने थरथर आणायची, दुसरीने ती थांबवायची, आणि ही दुसरी अ‍ॅसिटिलकोलीन हे मेंदूतलं रसायन अडवून स्मरणावर घाला घालणार. घरचे म्हणत होते, "बाई बावळट झाल्यात." मी लिहिलं होतं, "निगेटिव्ह लक्षणं", म्हणजे आजारानेच आलेलं मंदपण.

आजार स्वतःही लक्ष आणि स्मरण कुरतडतो, सगळं खापर गोळ्यांवर फोडता येत नाही. म्हणून एका वेळी एकच. आधी हॅलोपेरिडॉल, महिन्याला अडीच मिलिग्रॅमने खाली. ते संपल्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल, तेही हळूहळू. एकदम तोडलं तर मळमळ, घाम, तगमग. लोराझेपामला अजून हात लावलेला नाही.

आठव्या महिन्यात बंडलं चोवीस-पंचविसावर आली. त्याच महिन्यात रात्री कुणीतरी नावाने हाक मारतं, असं त्यांनी जावेला सांगितलं. नवरा चिडला, "जुनी गोळी चालू करा सायब." बाई म्हणाल्या, "नुसती हाक तर मारतंय, मारू दे की. मोज लागतीया."

रिस्पेरिडोन 6 तसंच ठेवलंय. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय, जावेसकट.